आधी बघा, गणितात घड्याळ आहे का

दहावीला सायन्समध्ये नव्वदच्या वर मार्क घेतलेली पोरं अकरावीला येतात आणि पहिल्याच युनिट टेस्टला फिजिक्समध्ये पंचवीसपैकी नऊ. माझी भाची त्यातलीच. गेलं वर्षभर ती रविवारी सकाळी वही घेऊन माझ्याकडे येते, पोहे होतात, चहा होतो आणि मग तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, मावशी याला कुठला फॉर्म्युला लावू? मी म्हणते फॉर्म्युला राहू दे, आधी गोष्ट सांग, कोण कुठून निघालं, कुठं पोचलं, मध्ये काय झालं. तिला वैताग येतो पण हे खरंच आहे, की निम्मी गणितं गोष्ट नीट न वाचल्यामुळे चुकतात, फिजिक्स येत नाही म्हणून नाही. तिला जे सांगत आले ते इथं लिहून काढतेय, अकरावी-बारावीच्या कुणालाही चालेल.

पहिलं काम चित्र. सुंदर नको, एक रेघ, एक ठिपका, वेग कुठल्या दिशेला त्याचा बाण. आणि चित्र काढतानाच ठरवून टाकायचं की प्लस कुठली बाजू, वरची की खालची. कुठलीही घ्या, पण एकदा घेतली की गणित संपेपर्यंत बदलायची नाही. युनिट पण तिथंच बदलून घ्यायचे, किलोमीटर पर तासला ५ नं गुणून १८ नं भागलं की मीटर पर सेकंद. ७२ चे २०, ३६ चे १०, ५४ चे १५, हे तीन तर पाठच ठेवा, पेपर काढणाऱ्यांचे लाडके आकडे आहेत.

आता एक साधं गणित घेऊ. एस्टी ७२ च्या स्पीडनं चाललीय, पुढं रस्त्यात म्हैस. ड्रायव्हरला म्हैस दिसून पाय ब्रेकवर जायला १ सेकंद लागला, ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर पर सेकंदनं कमी होतो. गाडी किती अंतरात थांबेल? इथं पोरं थेट व्ही स्क्वेअर = यू स्क्वेअर + टू एएस (यू सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, ए दर सेकंदाला वेगात होणारा बदल, एस अंतर) लावून ४० मीटर काढतात आणि मोकळी होतात. पण गोष्टीत दोन भाग आहेत ना, पहिला सेकंद गाडी त्याच वेगानं पळतेच आहे, ते २० मीटर कुठं गेले? एकूण ६०. आता हीच एस्टी ३६ नं चालली असती तर आधीचे १० आणि ब्रेकचे १०, म्हणजे २० मीटरात थांबली असती. वेग दुप्पट पण ब्रेकचं अंतर चौपट झालं, १० चे ४०. हे का झालं ते डोक्यात ठेवा, पुढं एनर्जीत हेच परत भेटणार आहे, कारण ब्रेकला जी कायनेटिक एनर्जी, म्हणजे वेगामुळे असलेली ऊर्जा, जिरवायची असते ती वेगाच्या वर्गावर चालते.

आता माझं लाडकं गणित. १५ मीटर उंच गच्चीच्या कठड्यापाशी उभं राहून बॉल सरळ वर फेकला, १० मीटर पर सेकंदनं, तो वर जाऊन परत येताना खाली रस्त्यावर पडला. किती वेळानं पडला? जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, १० घ्या. इथं बहुतेक जण दोन तुकडे करतात, वर जायला १ सेकंद, तिथं उंची २० मीटर, मग २० मीटर खाली पडायला २ सेकंद, एकूण ३. बरोबर आहे, चुकीचं काही नाही. पण तुकडे न करता पण होतं. वरची दिशा प्लस घेतली तर गच्चीपासून रस्ता उणे १५ वर आहे, म्हणून −१५ = १०टी − ५टी². आवरून लिहिलं की टी² − २टी − ३ = ०, म्हणजे टी ३ किंवा −१. वर जाणं, थांबणं, खाली येणं सगळं त्या एका ओळीत बसलेलं असतं, तुम्ही फक्त प्लस-मायनस सांभाळायचं.

त्या −१ ला सगळे काट मारतात, वेळ उणे नसते म्हणून. मारा काट, मार्क तर ३ लाच आहेत. पण भाचीनं एकदा विचारलं की मग ते येतंच का, आणि मला फार आनंद झाला, कारण त्याला अर्थ आहे. समीकरणाला माहीतच नाही की तुम्ही गच्चीवर उभे होतात. त्याला एवढंच माहीत आहे की शून्य सेकंदाला बॉल १५ मीटरवर होता आणि १० नं वर चालला होता. असा बॉल कुणी खालून रस्त्यावरनं फेकला असता तर तो १ सेकंद आधी, २० मीटर पर सेकंदनं फेकावा लागला असता. करून बघा, १ सेकंदात २० वजा ५ म्हणजे १५ मीटर वर, वेग २० वजा १० म्हणजे १०. बरोब्बर जुळतं. उणे १ म्हणजे तो रस्त्यावरचा माणूस!

आता मुद्द्याची गोष्ट. याच गणितात वेळ विचारलीच नसती, फक्त विचारलं असतं की बॉल रस्त्यावर किती वेगानं आपटला, तर? तर घड्याळ बघायची गरजच नाही. सुरुवातीला वेगाची एनर्जी अर्धा एम व्ही स्क्वेअर होती, शिवाय उंचीची एनर्जी एमजीएच होती, खाली सगळंच अर्धा एम व्ही स्क्वेअर झालं. एम उडून जातो, वेगाचा वर्ग = १०० + २×१०×१५ = ४००, वेग २०. एका ओळीत. आणि गंमत म्हणजे बॉल वर न फेकता त्याच वेगानं खाली फेकला असता किंवा आडवा फेकला असता तरी हवेचा अडथळा सोडला तर रस्त्यावरचा वेग २० च. एनर्जीला दिशा कळत नाही, तिला फक्त कुठून कुठं एवढंच कळतं.

म्हणून मी भाचीला एकच सवय लावली, गणित वाचून झालं की विचारायचं यात घड्याळ आहे का? किती वेळात, किती सेकंदांनी, टी इतका असताना कुठं, असं काही असेल तर मोशनची समीकरणं किंवा ऑसिलेशनचे, म्हणजे पुढंमागं झुलण्याचे, साइन-कोसाइन. नसेल, नुसती उंची, वेग, स्प्रिंग किती दाबली एवढंच असेल तर आधी एनर्जी लावून बघायची. दहातल्या सात-आठ वेळा हे चालतं. कुठं चालत नाही ते पण सांगते.

एक, घर्षण. बागेतली घसरगुंडी २ मीटर उंच, पोरगं २० किलोचं. एनर्जीनं काढलं तर खाली वेग सव्वासहा मीटर पर सेकंदच्या आसपास येतो, म्हणजे साडेबावीसच्या स्पीडची स्कूटी. एवढ्या वेगानं कुठलं पोरगं येतं? समजा ३ नं येतं. वर ३९२ ज्यूल होते, खाली ९० च उरले, ३०२ ज्यूल घसरगुंडी आणि चड्डी गरम करण्यात गेले. एनर्जी कुठं हरवत नाही पण तुमच्या हिशोबातनं निसटते, म्हणून घर्षण दिलं असेल तर घर्षणानं केलेलं काम वजा करायला विसरू नका.

दोन, धडक. हा सापळा तर दर वर्षी लागतो. १० ग्रॅमची गोळी ४०० मीटर पर सेकंदनं येऊन टांगलेल्या १.९९ किलोच्या लाकडी ठोकळ्यात घुसून बसली, ठोकळा किती वर गेला? घड्याळ नाही, म्हणून पोरं गोळीची सगळी एनर्जी एमजीएचला लावतात आणि उत्तर येतं चाळीसेक मीटर, म्हणजे दहा-बारा मजले. थांबा ना जरा, उत्तराकडं बघा! गोळी घुसताना लाकूड फाटतं, तापतं, तिथं एनर्जी गेली. तेवढ्या क्षणापुरतं मोमेंटम, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, लावायचं, ०.०१ × ४०० = ४, भागिले २ किलो, वेग २. मग पुढं झोका घेताना एनर्जी, उंची ०.२ मीटर, वीतभर. गोळीचे ८०० ज्यूल होते त्यातले ठोकळ्याला फक्त ४ मिळाले. बेंजामिन रॉबिन्सनं १७४२ मध्ये याच युक्तीनं बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायची पद्धत छापली होती, तेव्हा कुठले हायस्पीड कॅमेरे.

आता ऑसिलेशन, इथं पोरांची सगळ्यात जास्त फाटते कारण फॉर्म्युले खंडीभर. मी म्हणते पुस्तक मिटा आणि दोऱ्याला एक कुलूप बांधा. टांगलेल्या जागेपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. थोडंसं बाजूला नेऊन सोडा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २० फेऱ्या मोजा (जाऊन परत आलं की एक फेरी), एक नाही, वीस, म्हणजे बटण दाबायला जी गडबड होते ती विसात वाटली जाते. चाळीस सेकंद येतील. म्हणजे एका फेरीला २. आता दोरी ४ मीटरची केलीत तर ८ नाही, ४ सेकंद. कुलपाऐवजी त्याच आकाराचं जड काही लावलंत तर काही फरक नाही. टी = टू पाय गुणिले एल भागिले जी चं वर्गमूळ (इथं टी म्हणजे एका फेरीचा वेळ, एल म्हणजे लांबी), या फॉर्म्युल्यात जे आहे आणि जे नाही ते सगळं दहा मिनिटांत हाताला कळतं. मोजणी सुरू करताना पहिल्या सोडण्याला 'एक' म्हणायचं नाही, 'शून्य' म्हणायचं. मी बारावीच्या प्रॅक्टिकलला एक म्हणाले होते आणि माझा जी पावणेअकरा आला होता, पार्टनरनं वहीत गुपचूप ९.८ लिहिलं.

स्प्रिंगचं एक गणित हमखास येतं. स्प्रिंगला २०० ग्रॅमचं वजन लावलं, ती ५ सेंटीमीटर ताणली गेली, आता थोडं ओढून सोडलं तर पीरियड, म्हणजे एका फेरीचा वेळ, किती? सरळ मार्गानं के, म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, काढा, ०.२ × ९.८ भागिले ०.०५, म्हणजे ३९.२, मग टू पाय गुणिले एम भागिले के चं वर्गमूळ, ०.४५ सेकंद. पण लक्ष देऊन बघितलं तर एम भागिले के म्हणजेच ताण भागिले जी. वजन दिलं नसतं तरी चाललं असतं! आणि नजर टाका, हा तर ५ सेंटीमीटर लांब पेंड्युलमचाच पीरियड झाला.

अजून एक, मधल्या जागेपासून निम्म्या अँप्लिट्यूडपर्यंत (अँप्लिट्यूड म्हणजे मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर) जायला किती वेळ? मध्य ते टोक टी भागिले ४, म्हणून निम्म्याला टी भागिले ८, असं लिहून मोकळे होतात. चूक. मध्याजवळ वेग जास्त असतो, टोकाजवळ रेंगाळतो, म्हणून पहिल्या निम्म्याला टी भागिले १२ आणि उरलेल्या निम्म्याला टी भागिले ६, दुप्पट. इथं घड्याळ होतं म्हणून साइन वापरला. तेच जर विचारलं असतं की निम्म्या अँप्लिट्यूडवर वेग किती तर एनर्जी, स्प्रिंगकडं एक चतुर्थांश, उरलेली तीन चतुर्थांश कायनेटिक, वेग कमाल वेगाच्या ०.८६६ पट. साइन-कोसाइनला हात लावायचा नाही. बोर्डात कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबल असतं, तेव्हा जेवढे आकडे आधीच उडवता येतील तेवढे अक्षरातच उडवा, किमती शेवटी टाका.

आता या रविवारी दिलेलं गणित, यात सगळं एकत्र येतं. नागपंचमीला झाडाला बांधतात तसा झोका, दोर ४ मीटर, ६० अंशापर्यंत मागं ओढून सोडला. खाली आल्यावर वेग किती, दोरावर ओढ किती आणि एका फेरीला वेळ किती?

वेगाला घड्याळ नको. ६० अंशाला झोका २ मीटर वर गेलेला असतो, म्हणजे वेग परत सव्वासहा, घसरगुंडीचाच, फक्त इथं चड्डी घासत नाही. ओढ काढताना नुसतं वजन धरायचं नाही कारण खाली येतो त्या क्षणी झोका वळतोय, वजन अधिक एम व्ही स्क्वेअर भागिले एल, आणि तो दुसरा भाग इथं नेमका वजनाएवढाच येतो, म्हणून दोरावर दुप्पट वजन. ५० किलोच्या बाईसाठी दोर १०० किलोचा हिशोब धरून बांधलेला बरा. आणि वेळ? भाचीनं पटकन ४ सेकंद लिहिलं. पेंड्युलमचा फॉर्म्युला लहान कोनासाठी आहे, ६० अंशाला खरा पीरियड त्याच्यापेक्षा साधारण ७ टक्के जास्त, ४.३ च्या आसपास. ती म्हणाली मग वेग पण चुकला असेल. नाही गं, एनर्जीला लहान कोन लागतच नाही, ती अट फक्त घड्याळाला. त्यावर ती जरा वेळ वहीकडं बघत बसली आणि मग म्हणाली, मावशी पोहे अजून आहेत का.