चष्मा लावूनच झोप लागते? मग या चुका टाळा

दोन पानं वाचू म्हणून आडवं व्हायचं आणि सकाळी अंथरूण चाचपडत चष्मा शोधायचा. सापडतो तो पाठीखाली, एक काडी आभाळाकडे करून. त्यानंतर आपण जे करतो, त्यानेच खरं तर जास्त चष्मे मोडतात.

पहिली चूक म्हणजे काडी तिथल्या तिथे हाताने सरळ करणं. ॲसिटेट या प्लास्टिकची जाड फ्रेम थंड असताना वाकवली की तडकते, म्हणून चष्मेवाला ती आधी गरम हवेवर मऊ करून घेतो. हा प्रयोग घरी उकळत्या पाण्यात करू नका. उष्णतेने काचेवरच्या कोटिंगला केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या पुसून जात नाहीत. धातूची काडी वाकते निमूटपणे, पण त्याच जागी दोन-चारदा वाकवली की तुटते. तुटलीच, तर झटपट चिकटणारा गोंद नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी साय धरते.

आधी चष्मा किती बिघडलाय ते बघा. काड्या उघडून तो सपाट टेबलावर उलटा ठेवा. दोन्ही काड्या टेबलाला टेकायला हव्यात. एक अधांतरी राहिली किंवा बोट लावल्यावर चष्मा डुलला, तर फ्रेम पिळली आहे.

‘दिसतंय ना, मग चालेल’ ही दुसरी चूक. काचेचा मध्य बाहुलीसमोर यावा असा हिशेब करून ती बसवलेली असते. नंबर मोठा असेल तर थोडंसं सरकणंही जाणवतं. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या काचेत तर वाचायचा भाग खाली असतो. एक बाजू दोन-तीन मिलिमीटर उतरली की माणूस अक्षरांसाठी मान वर-खाली करत बसतो आणि नंबर वाढला समजून डोळे तपासायला जातो.

चष्मा लावून झोपल्याने नंबर मात्र वाढत नाही. मिटलेल्या पापणीला काचेचं काय! कॉन्टॅक्ट लेन्सची गोष्ट वेगळी. ती डोळ्यात ठेवून झोपलात तर कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, संसर्ग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की फ्रेम झोपेआधीच वाकू लागते. कुशीवर पडून मोबाइल बघताना उशीकडची काडी रोज दाबली जाते. वाचायचंच असेल तर पाठीशी उशी घेऊन बसा. आणि लांबचं दिसत नाही म्हणून उणे ३ चा चष्मा असेल, सिलिंडर नंबर (डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा) फारसा नसेल, तर ३३ सेंटीमीटरवरचं पुस्तक चष्म्याशिवायही स्पष्ट दिसतं. मग तो लावून पडायचं कशाला?

सकाळी चेहऱ्याचं तेल लागलेली काच चादरीच्या टोकाने पुसू नका, कोरड्या धुळीने ओरखडे उठतात. साधं पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग मऊ कापड.

घरच्यांनाही एक सांगून ठेवा. झोपलेल्याचा चष्मा काढायचा तर दोन्ही काड्या धरून सरळ समोर ओढावा. एका हाताने ओढला की दुसरी काडी फाकते, शिवाय झोपलेला दचकून ‘मी जागाच होतो’ म्हणतो ते वेगळंच.