शिकाऊ पोरांना नेटवर्किंग शिकवायला निघालात तर

तालुक्याच्या गावात नेटवर्किंगची कामं करतं कोण? कॅमेरे लावणारे, केबल-इंटरनेटवाले, कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं आणि जिनिंग, पतसंस्था, शाळा यांच्या देखभालीची कंत्राटं घेणारे. आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) ट्रेड झालेली, नाहीतर बारावीनंतर काहीतरी हाताला लागावं म्हणून आलेली पोरं-पोरी अशाच ठिकाणी शिकाऊ म्हणून लागतात. दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात मी अशा मुलांना शिकवतो. कोणी हे काम नव्याने अंगावर घेत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

बहुतेक अभ्यासक्रमांत आधी नेटवर्किंग असतं आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, सिक्युरिटी. ही मांडणी मला पटत नाही. शिकाऊ मुलगा पहिल्याच महिन्यात कोणाच्या तरी दुकानात राउटर बसवतो आणि त्याचा पासवर्ड त्याच्याच हातात असतो. म्हणून मी दोन्ही गोष्टी एकत्रच घेतो. एखादी गोष्ट कशी चालते हे कळलं की लागलीच पुढचा प्रश्न टाकतो: इथे कोणी खोटं बोललं, तर ते पकडलं जाईल का? या एका प्रश्नावर अर्धी सिक्युरिटी शिकवून होते.

सुरुवात मात्र केबलनेच करा. या पोरांचे हात तयार असतात. मोटारपंपाचं स्टार्टर उघडून पाहिलेलं असतं, त्यामुळे क्रिंपिंगला, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायला, ती घाबरत नाहीत. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा टी ५६८ बी या मानकातला तारांचा क्रम दोनचार दिवसांत तोंडपाठ होतो. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, हेही लगेच पटतं. वेळ लागतो तो केबल ओळखायला. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल सर्रास मिळते. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते. तिच्यात रोध जास्त, त्यामुळे केबलवरूनच वीज घेणारा कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडतो. ग्राहक म्हणतो कॅमेरा खराब. मुलांना दोन्ही तारांचे तुकडे हातात द्या, फळ्यावर लिहून काही होत नाही.

आपल्याकडचं हवामानही अभ्यासक्रमातच धरा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात स्विच (अनेक केबल एकमेकींना जोडणारं यंत्र) ठेवायचा नसतो. मृगाच्या विजा सुरू झाल्या की दोन इमारतींमध्ये ओढलेल्या तांब्याच्या केबलवरून दोन्हीकडचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, जळतात. तिथे फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी केबल, आणि ती तांब्याच्या केबलला जोडणारा मीडिया कन्व्हर्टर लावायचा. ‘महाग पडते सर’ असं एखादा म्हणतोच. त्याला जळालेल्या डीव्हीआरची (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) किंमत काढायला सांगा.

ओएसआयचे, म्हणजे केबलपासून ॲपपर्यंत नेटवर्कच्या कामाचे, सात थर परीक्षेत येतात, म्हणून घ्या. त्यातून एकच सवय लावा: खालून वर जायचं. ‘सर, लाईट तर लागून राहिला, मंग नेट काऊन नाही?’ हा प्रश्न आला की उत्तर देऊ नका, क्रम विचारा. पोर्टवरचा दिवा लागलाय म्हणजे केबल बहुतेक ठीक. आता आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, पाहा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ताच मिळालेला नाही. मिळाला असेल तर गेटवेला (बाहेर जायच्या दाराला, म्हणजे राउटरला) पिंग करा, हाक मारून उत्तर येतं का पाहा; बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. तिथून उत्तर आलं तर ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करा. तिथूनही आलं आणि तरी साईट उघडत नसेल, तर डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा, तपासा. फायबरच्या डब्यावर लाल एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा असेल, तर कॉम्प्युटरला हातही लावू नका. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली असेल, नाहीतर उंदराने कुरतडली असेल. फायबरमधला प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरवरचे वजा आकडे मुलांना गोंधळात टाकतात. वजा २० हे वजा २७ पेक्षा चांगलं, हे दोनतीन वेळा प्रत्यक्ष मोजून दाखवावं लागतं.

आता एआरपी. पुस्तकात हा विषय अर्ध्या पानात संपतो, मी त्याला सगळ्यात जास्त वेळ देतो. एका कॉम्प्युटरला दुसऱ्याचा आयपी माहीत असतो, पण स्विचमधून प्रत्यक्ष पोचायला मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेला क्रमांक, लागतो. म्हणून तो सगळ्यांनाच विचारतो: १९२.१६८.१.१ कोणाचा, तुझा मॅक सांग. गावात कोतवालाने दवंडी द्यावी तसं हे काम आहे. ऐकतात सगळे, उत्तर एकाने द्यायचं असतं. मग मी विचारतो, दुसऱ्यानेच ‘मी आहे’ म्हटलं तर? मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘मंग त्याच्याच घरी जाईन न सर सारं!’ झालं. एआरपी स्पूफिंग, म्हणजे खोटं उत्तर देऊन दुसऱ्याची माहिती स्वतःकडे वळवणं, शिकवून झालं. दवंडीला आलेलं उत्तर खरं की खोटं, हे तपासायची सोय एआरपीत नाहीच. पुढे ‘एआरपी मायनस ए’ ही मॅक पत्त्यांची यादी दाखवणारी आज्ञा मारायला लावा आणि गेटवेचा मॅक वहीत लिहून ठेवायला सांगा. उद्या तो बदललेला दिसला, तर विचारायला जागा आहे.

डीएचसीपीचंही तेच. कॉम्प्युटर ‘मला पत्ता द्या’ म्हणून ओरडतो आणि साधारणपणे जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकतो. याचा धडा आपल्याकडे वारंवार आपोआप मिळतो. शाळेत किंवा पतसंस्थेत कोणीतरी घरचा जुना राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट स्विचला जोडतो, ‘वायफाय वाढेल’ म्हणून. मग निम्म्या कॉम्प्युटरना १९२.१६८.१ चे पत्ते, निम्म्यांना १९२.१६८.० चे. अर्ध्या ऑफिसातून प्रिंट निघत नाही. लॅबमध्ये हे मुद्दाम घडवून आणा आणि तो उपरा राउटर शोधायला लावा. मॅनेज्ड स्विच (ज्यात सेटिंग करता येतं असा) असेल तर डीएचसीपी स्नूपिंगने, म्हणजे ठरवलेल्या पोर्टवरूनच पत्ते वाटू देण्याने, हे रोखता येतं. साध्या स्विचवर एकेक केबल काढत जाण्याला पर्याय नाही. सापडला की सांगा: आज हे एका भोळ्या माणसाने केलं, हेच कोणी मुद्दाम केलं तर गेटवे आणि डीएनएस दोन्ही तो स्वतःच्या सोयीचे देईल.

वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, दाखवताना वर्ग एकदम शांत होतो. जुन्या राउटरच्या साध्या एचटीटीपी पानावर, म्हणजे माहिती उघडीच पाठवणाऱ्या पानावर, एका मुलाला लॉगिन करायला लावा आणि त्याचा पासवर्ड पडद्यावर वाचून दाखवा. मग एचटीटीपीएसची, म्हणजे माहिती गुप्त करून पाठवणारी, साईट उघडा, आतलं काही वाचता येत नाही. पण तिथेच थांबू नका, कारण मुलं ‘साईटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साईट खरी’ असा अर्थ काढतात. ते चूक आहे. कुलपाचा अर्थ मधला माणूस वाचू शकत नाही, एवढाच. पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप असू शकतं. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकटही मिळतं. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणारी एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल या मुलांच्या घरात येऊन गेलेली असते, म्हणून हा विषय त्यांना परका वाटत नाही. पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा, हे तिथल्या तिथे सांगून टाका.

त्याच दिवशी कायदाही सांगा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटर-नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय अप्रामाणिकपणे शिरलं, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वायरशार्क पाहिलेल्या पोराला संध्याकाळी एसटी स्टँडवरचं वायफाय आठवतं. माझ्याकडे नियम सरळ आहे: लॅबचा स्विच सोडून कुठेही पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) पकडलं, तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही.

कॅमेऱ्यांवर थोडं जास्त बोलतो, कारण मुलांना पहिलं काम तिथेच मिळतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) कारखान्यातून आलेले तेच ते पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस कंपनीवर त्यांचा मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट कित्येकांना उघडेनात. आपल्या जिनिंगच्या फाटकावरचा कॅमेरा असल्या फौजेत भरती होऊ शकतो, हे कळलं की ‘ॲडमिन, १२३४५’ ठेवून निघून यायची सवय मोडते. मालकाचा आग्रह वेगळा: ‘सोपा ठेव भाऊ, मले ध्यानात राहत नाही.’ त्यावर उपाय म्हणजे पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करून मालकाच्या तिजोरीत ठेवायचा. शिकाऊच्या मोबाइलमध्ये तो ठेवायचा नाही, पासवर्डच्या पानाचा फोटोही काढायचा नाही. आणि फोनवर कॅमेरा दिसावा म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडा सोडायचा नाही.

सबनेटिंगची, म्हणजे एका नेटवर्कचे भाग पाडायच्या गणिताची, भीती सगळ्यांनाच असते. ती महिनाभर बाजूला ठेवली तरी चालतं. २५४ यंत्रांचं एक नेटवर्क नीट सांभाळता आलं की पुढे कॅमेऱ्यांचं आणि हिशेबाचं नेटवर्क वेगळं करायची गरज मुलांना स्वतःलाच दिसते. तेव्हा /२५, /२६ (त्याच नेटवर्कचे दोन, चार भाग) सांगा.

इंग्रजीचं म्हणाल तर, शब्द इंग्रजी राहू द्या, समजावणं वऱ्हाडीत होऊ द्या. फक्त एररचा संदेश जसाच्या तसा वहीत उतरवायला लावा, कारण शोधताना तोच टाकावा लागतो. सहाएक महिन्यांनी कोणीतरी सीसीएनएबद्दल, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेबद्दल, विचारेल. फी ३०० डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे कापसाच्या हंगामाच्या पैशातून एक मोठा घास. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर नेटवर्किंग आणि सायबर सुरक्षेचे प्राथमिक कोर्स फुकट आहेत, नेटवर्कची नक्कल करणारं पॅकेट ट्रेसर सॉफ्टवेअरही फुकट आहे. ते पूर्ण केलेल्याच मुलाला फीचा विषय घरी काढायला सांगा. आणि पुण्याच्या नोकरीआधी यवतमाळ-अमरावतीच्या इंटरनेट कंपन्यांत वर्षभर फिल्डवर काम करायला सांगा; मुलाखतीत बिघाड कसा शोधला ते विचारतात, आणि सांगायला काहीतरी हवं.