नको असलेल्या फोनसाठी १९०९

दुपारी आई कणीक मळत असताना फोन वाजतो. ती हात पुसून धावत येते, आणि पलीकडून कुणीतरी कर्ज हवंय का विचारतं. असं दिवसातून चारदा झालं की माणूस वैतागतो. नुसता नंबर ब्लॉक करून भागत नाही, कारण उद्या तेच लोक दुसऱ्या नंबरवरून करतात.

म्हणून आधी डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन-मेसेज थांबवणारी सोय, लावा. मेसेजमध्ये इंग्रजीत 'स्टार्ट' लिहा, एक जागा सोडून शून्य टाका आणि १९०९ वर पाठवा. बँकेचे ओटीपी यामुळे थांबत नाहीत, ती भीती नको.

तरीही फोन आला तर तक्रार कराच. ट्रायच्या (फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) डीएनडी अ‍ॅपमधून किंवा १९०९ वरच करता येते. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत करायची, म्हणून नंबर, तारीख आणि काय विकत होते ते लगेच टिपून ठेवा. मी कॉल यादीचा स्क्रीनशॉटच काढून ठेवते, मग काही विसरत नाही.

१४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा असतो, तो उचलूच नका.

'केवायसी संपली', 'तुमच्यावर गुन्हा आहे' असे फोन मात्र वेगळे, ते फसवणुकीचे. ते सरकारच्या 'संचार साथी' या वेबसाइट-अ‍ॅपवरच्या 'चक्षू' या तक्रार सोयीत कळवा. पैसे गेले असतील तर क्षणही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये हा नंबर आजच साठवून द्या.