गाडीच्या कूलंटमध्ये बोअरचं पाणी? या चुका टाळा

मांजरसुंब्याचा घाट, मे महिना, दुपारचे दोन. माझ्या दोनशे सीसीच्या गाडीचा टेंपरेचरचा दिवा लागला. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी कोरडी ठाक. अर्धा तास लिंबाखाली बसलो, ढाब्यावरच्या ड्रममधलं बोअरचं पाणी ओतलं आणि बीड गाठलं. इथवर ठीक, अडल्या वेळी पाणी घालावंच लागतं. पण तेच पाणी मी दिवाळीपर्यंत चालवलं! रेडिएटर उघडला तर तोंडाशी पांढरी खपली, गिझरच्या कॉइलवर बसते अगदी तशी.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि उष्णता बाहेर पडत नाही. साध्या पाण्यात गंजरोधकही नसतं, त्यामुळे ॲल्युमिनियम खायला लागतं. 'आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला?' असं गॅरेजवालेही म्हणतात. अहो, कूलंटमधलं मुख्य द्रव्य ग्लायकॉल नुसतं गोठणंच थांबवत नाही, निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण १०० अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. ४३ अंशांच्या उन्हात सिग्नलला उभं राहणाऱ्याला तेच तर हवं!

बाटलीवर 'प्रीमिक्स' किंवा 'रेडी टू यूज' असेल तर थेंबभरही पाणी घालू नका. 'कॉन्सन्ट्रेट', म्हणजे पाणी न मिसळलेलं, असेल तर नुसतं ओतू नका, कारण निव्वळ ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच घ्या. बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण लेबल वाचूनच उचला. ॲसिडचे कॅनही तिथेच ठेवलेले असतात.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपनीच्या मर्जीचा मामला, दोन हिरवी कूलंटं आतून वेगळी असू शकतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा. बऱ्याच बाइकना सिलिकेट (गंज रोखायला घालतात ते एक रसायन) नसलेलं लागतं, नाहीतर पंपाचं सील घासतं. आणि एअर-कूल्ड, म्हणजे हवेनंच थंड होणाऱ्या, गाडीला कूलंट लागतच नाही. हे सांगावं लागतं, कारण विचारणारे भेटतात.

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. आत दाब असतो, झाकण सैल होताच उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. फडकं धरून उघडणारे शूर मी पाहिलेत, त्यांचे भाजलेले हातही पाहिलेत. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रोजची लेव्हलही थंड गाडीवर, ती सरळ उभी धरून, टाकीवरच्या दोन रेघांमध्ये बघायची.

जुनं कूलंट काढताना घमेलं अंगणात ठेवून चहाला जाऊ नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जबर विषारी. कुत्रं, वासरू, लहान लेकरू, कुणीही तोंड लावेल. पोटात गेलं तर उलटी करवत बसू नका, बाटलीसकट थेट दवाखाना गाठा. नालीत किंवा बोअरजवळही ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, चिठ्ठी चिकटवून गॅरेजवर द्या.

भरून झाल्यावरही लेव्हल उतरत राहिली तर नुसतं टॉप-अप करत बसू नका. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असतील तर सील गेलंय. आणि इंजिन ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये शिरलंय. मग किकही मारू नका, गाडी छोट्या हत्तीत टाकून न्या.