कुत्र्याची शी तपासणीला द्यायची तर अशी

पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत माझा दिवस शीच्या डब्या उघडण्यात जातो. अनेकदा झाकण काढताच कळतं, यातून काही हाती लागणार नाही: कालची, वाळलेली, मातीत लडबडलेली शी. म्हणून कळकळीनं सांगते.

कुत्र्यानं शी केली की लगेच हातमोजे घालून उचला. जमिनीला टेकलेला भाग सोडा, नाहीतर मातीतले कृमी मायक्रोस्कोपच्या काचेवर येतात आणि घोटाळा होतो. चमचाभर पुरते. आव किंवा रक्त दिसलं तर तेवढा भाग मुद्दाम घ्या. घट्ट झाकणाच्या डबीवर तारीख, वेळ लिहा. लगेच नेणं जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये नको. गोठलं की जिआर्डियाच्या (आतड्यातला एकपेशी परजीवी) सिस्ट, म्हणजे शीतून बाहेर पडणारं त्याचं कवचातलं रूप, ओळखू येत नाहीत. २४ तासांच्या आत पोचवा. उबेत राहिली तर हुकवर्मची (आतड्यात रक्त पिणारा जंत) अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात.

मी शी झिंक सल्फेटच्या द्रावणात कालवते, गाळते, सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवते. द्रावण अंड्यांहून जड, त्यामुळे अंडी वर येतात आणि कव्हरस्लिपला, म्हणजे वर ठेवलेल्या पातळ काचेला, चिकटतात. गोलकृमीचं अंडं गडद, जाड खडबडीत कवचाचं. हुकवर्मचं पातळ कवचाचं, आत पेशींचा झुबका. व्हिपवर्म या चाबकासारख्या जंताचं लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच लावल्यागत.

एका पिल्लाचे जुलाब थांबेचनात. दोन नमुन्यांत मला काहीच दिसलं नाही, तिसऱ्यात जिआर्डियाच्या सिस्ट सापडल्या. त्या रोज पडत नाहीत, म्हणून एक दिवसाआड तीन नमुने द्या. व्हिपवर्म तर आतड्यात शिरल्यावर जवळजवळ तीन महिने अंडीच घालत नाही; तोवर रिपोर्ट कोराच येणार. जंताचं औषध कधी दिलं होतं तेही सांगा.

पार्व्हो, म्हणजे पिल्लांना रक्ताचे जुलाब करणारा विषाणू, या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, त्याची तपासणीची किट वेगळी. लस नुकतीच दिली असेल तर तारीख सांगा, कारण लसीमुळेही कधीकधी किट पॉझिटिव्ह दाखवते. उलट आजाराच्या अगदी सुरुवातीला किंवा उशिरा केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. पिल्लू ओकतंय, मलूल पडलंय, रक्ताचे जुलाब होताहेत, तर शी गोळा करत बसू नका, पिल्लालाच डॉक्टरांकडे न्या. निघण्याआधी फोन करून तसं सांगा, म्हणजे ते त्याला इतर पिल्लांपासून लांब ठेवतील. हा विषाणू चपलांवरूनही पसरतो.