कॉलेजात मिस किंवा पूजा सक्तीची असेल आणि तुम्ही देव मानत नसाल तर

गोव्यात कॉलेज कुणाच्याही संस्थेचं असो, वर्षातून दोन-चार धार्मिक कार्यक्रम होतातच. चर्चच्या संस्थेचं असेल तर वर्ष सुरू होताना मिस, म्हणजे कॅथलिक लोकांची सामूहिक उपासना, आणि सकाळी स्पीकरवर प्रार्थना, हिंदू संस्थेचं असेल तर नवरात्रात सरस्वतीपूजन, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आसपास आरत्या. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते मनापासून करावं, त्याला माझी काहीच हरकत नाही. अडचण तिथे होते जिथे नोटीस बोर्डावर 'उपस्थिती सक्तीची' असं लागतं आणि सर दारात हजेरीची वही घेऊन उभे राहतात. मी फोंड्याकडच्या देवभक्त घरातला, पण बारावी होईपर्यंत माझा विश्वास पूर्ण गेला होता आणि पुढची सगळी कॉलेजची वर्षं ह्याच प्रश्नात गेली, की हॉलमध्ये बसायचं तर कसं बसायचं. हे लिहितोय ते अशा मुलामुलींसाठी ज्यांना भांडण नकोय, मित्र गमवायचे नाहीत, कॉलेज पण सोडायचं नाहीये, फक्त खोटे हात जोडायचे नाहीत.

आधी कायदा समजून घ्या कारण तो माहीत असला की आवाज आपोआप शांत राहतो. घटनेचं कलम 28, त्यातलं तिसरं पोटकलम. सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा तिथल्या उपासनेला हजर राहायला कुणालाही भाग पाडता येत नाही, त्याची स्वतःची संमती असेल तरच, आणि तो अज्ञान म्हणजे अठराच्या खालचा असेल तर पालकांची. नीट वाचा, नुसतं भाग घेणं नाही, हजर राहणं पण त्यात आहे. गोवा विद्यापीठाला जोडलेलं कॉलेज म्हणजे मान्यता आलीच. अल्पसंख्याकांच्या संस्थांना कलम 30 मुळे आपली कॉलेजं चालवायचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा, पण त्याने 28 (3) पुसलं जात नाही. अकरावी-बारावीला असाल तर मात्र सही पालकांची चालते, त्यामुळे ॲडमिशनच्या वेळी प्रॉस्पेक्टसमागच्या फॉर्मवर आईबाबांनी कशाकशाला होकार दिलाय ते आधी काढून बघा, बहुतेक घरांत तो फॉर्म न वाचताच सही होते.

दोन केस लक्षात ठेवा. केरळमध्ये 1985 साली यहोवाचे साक्षीदार ह्या पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची पण गायची नाहीत. 1986 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल मुलांच्या बाजूने दिला, उभं राहिलात म्हणजे आदर दाखवलात, न गाणं हा अपमान नाही. दुसरी केस नाशिकच्या एका शिक्षकाची, शाळेच्या प्रार्थनेला ते उभे राहायचे पण हात जोडायचे नाहीत, शाळेने त्यांची वेतनश्रेणी अडवली, आणि 2013 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की हात जोडायची सक्ती करता येत नाही. मुंबई हायकोर्ट म्हणजे आपलंच, त्याचं खंडपीठ पर्वरीला आहे. ह्या दोन्ही ठिकाणी लोक उभे होते हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कुणी पाठ फिरवली नाही, कुणी घोषणा दिली नाही, फक्त जे मनात नाही ते केलं नाही.

बाहेरच्या देशांतही हे होतंच. अमेरिकेत हार्वर्डने चॅपलची, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनेला हजर राहायची, सक्ती 1886 मध्ये काढली, येलने 1926 मध्ये, आणि लष्करी अकॅडमींमधली सक्ती तर 1972 मध्ये कोर्टाने सांगितल्यावर थांबली. आणि आपल्या मराठीत आगरकर होऊन गेले, अज्ञेयवादी माणूस, पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली आणि तरी ते पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यामुळे आपण काहीतरी भलतं करतोय ही भावना आधी मनातून काढून टाका.

आता प्रत्यक्ष काय करायचं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच स्वतःची रेघ ठरवा, कारण हॉलमध्ये पाचशे लोक एकदम उठले की विचार करायला वेळ मिळत नाही, शरीर आपोआप बाकीच्यांसारखं वागतं. माझी रेघ अशी होती, सगळे उभे राहिले की मी उभा राहायचो, सगळे बसले की बसायचो, फोन बॅगेत, शेजाऱ्याशी बोलणं बंद. पण हात जोडणं नाही, डोळे मिटणं नाही, क्रूसाची खूण नाही, गुडघे टेकणं नाही, ओठ हलवणं नाही. ओठांचं मुद्दाम सांगतो कारण तिथेच सगळ्यात जास्त फसायला होतं, नुसते ओठ हलवले तर कुणाला कळतंय असं वाटतं पण तुम्हाला स्वतःला कळतं आणि दिवसभर ते टोचत राहतं. तुमची रेघ वेगळी असू शकते, कुणाला उभं राहणंही नको वाटेल, ते पण बरोबरच आहे, फक्त आधी ठरवा आणि मग प्रत्येक वेळी तीच पाळा. एकदा हात जोडले आणि एकदा नाही असं झालं की समोरच्याला तो तुमचा मूड वाटतो.

मिसला बसायची वेळ आली तर क्रम माहीत असू दे. वाचनं चालू असताना बसतात, शुभवर्तमान म्हणजे येशूच्या चरित्रातला भाग वाचतात तेव्हा उभे राहतात, मधल्या मुख्य प्रार्थनेला बहुतेकजण गुडघे टेकतात, तेव्हा तुम्ही शांत बसून राहा, पाठ बाकाला थोडी मागे घ्या म्हणजे पुढच्याला अडचण होत नाही. नंतर एकमेकांना शांती देतात, शेजारी हात पुढे करतो किंवा मान लववून हसतो, तिथे अजिबात मागे सरू नका, मनापासून हात मिळवा, माणसाने माणसाला शांती चिंतली तर त्यात देव मानायचा प्रश्न कुठे येतो. मग कम्युनियन, म्हणजे फादरकडून पवित्र भाकर घ्यायला लोक रांगेत जातात ते. तेव्हा तुमच्या बाकावरचे सगळे एकामागोमाग उठतात आणि तुमच्या गुडघ्यांवरून बाहेर जायला लागतात, अख्खा बाक रिकामा होतो आणि तुम्ही एकटे दिसता. हा क्षण पहिल्यांदा फार अवघड जातो, कान गरम होतात, असं वाटतं सगळं चर्च आपल्याकडे बघतंय. गुडघे बाजूला वळवा, लोकांना जाऊ द्या, बसून राहा. आणि हे नक्की समजून घ्या की इथे चर्चचा नियमही तुमच्याच बाजूचा आहे, ते कॅथलिक नसलेल्यांना कम्युनियन देत नाहीत, त्यामुळे न जाण्यात त्यांचाही मान राहतो. कुतूहल म्हणून किंवा मित्रांनी ढकललं म्हणून रांगेत कधीही उभे राहू नका, त्यांच्यासाठी ती सगळ्यात पवित्र गोष्ट आहे.

सरस्वतीपूजनात उलटं असतं, तिथे बसून राहायला जागाच नसते, सगळे जवळजवळ उभे, टाळ्या, घंटा, झांजा, आणि आरतीचं ताट हातोहात फिरतं. ताट आलं की दोन्ही हातांनी नीट धरा आणि पुढच्याला द्या, ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावू नका, बस एवढंच. घाईत एका हाताने ढकलल्यासारखं केलंत तर तो राग दिसतो आणि समई, फुलं, ज्या मुलींनी सकाळी सातला येऊन रांगोळी काढली त्यांच्यावर तुमचा राग नाहीये. शेवटी सगळे स्वतःभोवती फिरतात तेव्हा तुम्ही एकटेच स्थिर उभे दिसाल, दिसू दे. कुंकू लावायला कुणी पुढे आलं तर हसून 'मला नको' म्हणा, एकदाच, कारण न देता. पंचखाजें, म्हणजे तिथला गोड प्रसाद, मी खायचो, मला ते खाणं म्हणूनच आवडतं, पण माझी एक मैत्रीण प्रसाद म्हणून देतायत तर तो प्रसादच म्हणायची आणि घ्यायची नाही, मला तिचं म्हणणं पण पटतं.

कुणीतरी विचारणारच. मित्राने 'कित्याक रे, हात कित्याक जोडूंक ना?' (का रे, हात का जोडले नाहीस?) म्हटलं तर 'मी देव मानत नाही, तुझं तू कर' इतकं पुरे. जिन्यावर, कँटीनमध्ये देव आहे की नाही हा वाद घालत बसू नका, निदान कार्यक्रमाच्या दिवशी तरी नाही. फादर किंवा सरांनी बोलावलं तर लगेच कलमं काढू नका, आधी म्हणा 'फादर, मला तुमच्या प्रार्थनेचा आदर आहे, म्हणूनच खोटी प्रार्थना करत नाही.' मी ज्या कॉलेजला होतो तिथले एक फादर हे ऐकून बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले बस शांतपणे, कुणी काही म्हणणार नाही. सगळे असे नसतात, एका सरांनी मला वर्गासमोर उभं करून संस्कार काढले होते. तेव्हा उलट बोलायचं नाही, तारीख, वेळ, काय बोलले ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायचं.

हॉलमध्ये बसणंच नको असेल तर प्राचार्यांना अर्ज द्या, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, छोटा. त्यात एवढंच लिहा, 'माझी कोणत्याही धर्मावर श्रद्धा नाही. कॉलेजच्या धार्मिक कार्यक्रमांबद्दल मला आदर आहे, परंतु राज्यघटनेच्या कलम 28 (3) नुसार उपासनेला हजर राहण्यास माझी संमती नाही. त्या वेळेत मला लायब्ररीत बसण्याची परवानगी द्यावी व गैरहजेरी धरू नये.' अठराच्या खाली असाल तर पालकांची सही हवी. दोन प्रती घेऊन ऑफिसात जा, एक द्या आणि दुसरीवर इनवर्डचा म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का आणि तारीख घ्या, शिक्क्याशिवाय परत येऊ नका.

एक गोष्ट गोव्यात फार जपायला लागते. तुमची तक्रार कुणाच्यातरी धर्माविरुद्धची तक्रार होऊ देऊ नका. 2023 मध्ये दाबोळीच्या एका शाळेतली मुलं मशीद बघायला गेली म्हणून मुख्याध्यापकांना सस्पेंड केलं गेलं होतं, इतकं पटकन पेटतं हे सगळं. तुम्ही मिसला नाही म्हटलंत की कुणीतरी भगवी संघटना फोन करेल, पूजेला नाही म्हटलंत की दुसरं कुणीतरी पाठ थोपटेल, दोघांनाही नाही म्हणा. हॉलमधला व्हिडिओ काढू नका, रीलवर टाकू नका, आणि दोन्ही प्रकारच्या कार्यक्रमांना सारखंच वागा. मिसला ताठ बसणारा माणूस गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवायला लागला तर मग तो नास्तिक राहत नाही, नुसता दुसऱ्या बाजूचा होतो. राष्ट्रगीत ह्यात मिसळू नका, ती प्रार्थना नाही.

घरी सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. आई दुखावते, माझी दुखावली होती, पण कॉलेजातून फोन जाऊन तिला कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

अर्जाला उत्तर आलं नाही किंवा इंटर्नल मार्कांची धमकी मिळाली तर तोंडी बोलणं बंद करून सगळं लेखी करा. प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी, यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2023 चे नियम आहेत, तिथे अर्ज, त्यावर समाधान नाही झालं तर विद्यापीठाच्या ओम्बड्सपर्सनकडे, म्हणजे तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे, अपील. समांतर एक प्रत पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयात इनवर्ड करा. वकिलापर्यंत जायची वेळ आली तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मुलींना आणि अठराच्या खालच्यांना घरचं उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकील मोफत मिळतो, बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जाताना शिक्क्याची प्रत, नोटीस बोर्डाचा तारखेसकट फोटो आणि कोण काय बोललं ते लिहिलेली ती वही, तिन्ही बरोबर घ्या.