जुनी डबल बार घ्यायला निघण्याआधी

ज्यांच्याकडे शस्त्रपरवाना आहे आणि एखादी जुनी विलायती बारा बोअरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, रास्त भावात मिळाली तर घ्यावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ही तयारी लिहून ठेवत आहे. परवानाच नसेल तर बंदुका पाहत फिरण्यात अर्थ नाही. खाजगी व्यक्तीसाठी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद असल्याने त्याआधी देशात आलेला मालच हातोहात फिरत असतो. त्यामुळे वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर अशा इंग्रजी कंपन्यांची किंवा एखादी चांगली बेल्जियन दुनळी कमी भावात दिसली, तर ती दुकानात फार दिवस राहत नाही. तुम्ही विचार करायला घरी जाता आणि तयारीने आलेला दुसरा कोणीतरी ती घेऊन जातो.

सर्वांत आधी परवाना उघडा आणि त्यात खरेदीची मुदत कोणत्या तारखेपर्यंत लिहिली आहे ते पाहा. परवान्याची मुदत आणि शस्त्रखरेदीची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो आणि आपण ती शेवटची तारीख लक्षात ठेवून निर्धास्त असतो; परंतु शस्त्र केव्हापर्यंत विकत घ्यायचे याची तारीख वेगळी असते आणि ती उलटली की परवाना चालू असूनही दुकानदार तुम्हाला बंदूक देऊ शकत नाही. मागच्या खेपेला मी पैसे, ओळखपत्रे आणि विजेरी घेऊन गेलो, नळ्या तपासल्या, भाव ठरवला आणि शेवटी दुकानदाराने परवाना उघडून त्या एका ओळीवर बोट ठेवले. मुदतवाढ हातात येईपर्यंत बंदूक गेलेली होती. म्हणून पुन्हा सांगतो, खरेदीची मुदत पाहा. ती संपत आली असेल, तर बंदूक दिसण्याची वाट न पाहता आजच मुदतवाढीचा अर्ज करा. जिल्ह्यात हा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे जातो. तिथून अहवालासाठी तो पोलीस ठाण्याकडे पाठवला गेला, तर किती दिवस जातील हे टेबलावरचा कारकूनही सांगू शकत नाही. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या, मात्र तो शिक्का म्हणजे मुदतवाढ नव्हे. दुकानदाराला शिक्का दाखवून काहीही साधत नाही.

परवान्यातील बाकीच्या नोंदी त्याच बैठकीत पाहून घ्याव्यात. शस्त्राचा प्रकार कोणता लिहिला आहे, परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभरासाठी आहे, आणि परवान्यावर आणखी एक शस्त्र घेता येते का, एवढे पुरे. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रे बाळगता येत असत, २०१९ च्या दुरुस्तीने ही संख्या दोनवर आणली आणि तिसरे शस्त्र जमा करण्यासाठी डिसेंबर २०२० पर्यंतचा अवधी दिला. ज्यांच्याकडे आधीच दोन आहेत त्यांनी एक विकल्याखेरीज नव्या बंदुकीकडे पाहूही नये, कारण ‘आधी ही घेतो, मग ती विकतो’ हा क्रम कायद्याला चालत नाही. कोल्हापूरकराला बेळगावच्या दुकानातील बंदूक आवडली आणि त्याचा परवाना महाराष्ट्रापुरताच असला, तर क्षेत्रवाढीचे किंवा वाहतुकीच्या परवानगीचे काम आधी उरकावे लागते. ते उरकण्यात दिवस जातात आणि तेवढ्यात खरेदीची मुदत संपते. माझे बोलणे पुन्हा त्या तारखेवरच येते, पण त्याला इलाज नाही.

विकणारा कोण आहे हे फोनवरच विचारावे. परवानाधारक दुकानदार असेल, तर बंदूक दुकानाच्या मालकीची आहे की कोणी विक्रीसाठी ठेव म्हणून ठेवली आहे, हेही विचारा. ठेवीतील बंदुकीचा मालक वेगळा असतो आणि त्याची संमती व कागदपत्रे आल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. विकणारी खाजगी व्यक्ती असेल तर शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ५ लागू होते. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता लेखी कळवायचा असतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याखेरीज शस्त्र हातात द्यायचे नसते. हे पत्र विकणारे ‘पाहू, देऊ’ म्हणत लांबवतात. सौदा ठरला त्याच संध्याकाळी मजकूर स्वतः लिहून त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवावा आणि पोच घ्यावी, कारण ४५ दिवस पत्र पोहोचल्यापासून मोजायचे आहेत. आता तुमच्या खरेदीच्या मुदतीत हे ४५ दिवस बसतात का ते मोजा. बसत नसतील तर बयाणा देऊ नका.

मूळ परवानाधारक वारला आहे आणि घरचे लोक माळ्यावरची बंदूक मिळेल त्या भावात द्यायला तयार आहेत, असा निरोप आला तर घाईने गाडी काढू नये. शस्त्र बाळगणे ज्या दिवसापासून बेकायदेशीर ठरते, त्या दिवसापासून ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते. वारसांच्या नावे परवाना नसेल तर ते तुम्हाला बंदूक विकू शकत नाहीत आणि तुम्ही ती पाहायला म्हणून हातात घेण्याचीही गरज नाही. त्यांना ती रीतसर जमा करायला सांगा, मग दुकानदारामार्फत घ्या. भाव थोडा चढेल, चढू द्या.

‘अँटिक आहे, परवाना लागत नाही’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. कायद्याच्या कलम ४५ मधील सूट जुन्या घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त अशा शस्त्रांना आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही, अशी अट तिला जोडलेली आहे. जुन्या बाजारात मिळणारी तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, बंदूक गंजून बंद पडली असेल तर तिचा प्रश्न वेगळा. मात्र केपाची ठासणीची बंदूक, जिचा घोडा चढतो आणि नळी मोकळी आहे, ती शोभेची वस्तू नव्हे. कोकणात रानडुकरे आणि वानरांपासून पीक वाचवण्यासाठी शेतकरी अशाच ठासणीच्या बंदुका शेतसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगतात, यावरून काय ते समजावे. थ्री नॉट थ्रीचे कोणी नाव काढले तर फोन ठेवून द्यावा. ते बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे.

प्रत्यक्ष बंदूक पाहायला जाताना छोटी विजेरी, भिंग, मोजपट्टी, मऊ फडके आणि बारा बोअरची दोन डमी काडतुसे न्यावीत. बंदूक हातात आली की प्रथम उघडून रिकामी असल्याची खात्री करावी. दुकानदाराने आधी पाहिली असली तरी करावी.

त्यानंतर क्रमांक पाहावा, कारण कागदोपत्री व्यवहार अडतो तो बहुधा इथे. चांगल्या दुनळीवर क्रमांक एकाहून अधिक ठिकाणी असतो: चापाच्या संरक्षक पट्टीवर किंवा बंदुकीच्या मधल्या भागावर, नळ्यांच्या बुडाच्या सपाट पृष्ठभागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर. हे सर्व एक असले पाहिजेत आणि विकणाऱ्याच्या परवान्यात लिहिलेल्या क्रमांकाशी एकेक आकडा जुळला पाहिजे. जुन्या परवान्यांत चुका असतात. हाताने लिहिणाऱ्याने कधी पेटंटचा क्रमांक बंदुकीचा म्हणून उतरवलेला असतो, तर कधी इंग्रजी बंदुकीवर समभुज चौकटीत १२ आणि त्याखाली सी कोरलेले असते तेच नोंदवलेले असते. ही खूण चेंबरचे, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसते त्या जागेचे, माप सांगते, बंदुकीची ओळख नव्हे. अशी चूक आढळली तर ती विकणाऱ्याने आपल्या परवान्यात दुरुस्त करून घ्यावी लागते, आणि त्यालाही वेळ लागतो. तेवढ्यात तुमच्या खरेदीच्या मुदतीचे काय होईल ते मनातल्या मनात पुन्हा मोजून घ्या.

आता नळ्या. बंदूक सोडवून नळ्या उलट्या धरल्या की बुडाशी चाचणीच्या खुणा दिसतात. बेल्जियममधील लीएजची खूण अंडाकृती चौकटीत ईएलजी ही अक्षरे अशी असते, तर बर्मिंगहॅमच्या १९०४ नंतरच्या खुणांत मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी अशी अक्षरे येतात. यांतील एनपी महत्त्वाची आहे, कारण नळी आजच्या काडतुसांतील धूरविरहित दारूसाठी तपासली गेली असल्याचे ती सांगते. पुढच्या लाकडाखाली झाकला जाणारा नळीचा भाग भिंगाने पाहावा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या डमास्कस नळ्या अनेकदा वरून काळ्या केलेल्या असतात, पण त्या झाकल्या भागात नागमोडी नक्षी डोकावतेच. अशा काही नळ्यांचीही नंतर धूरविरहित दारूने चाचणी झालेली असते हे मान्य केले, तरी ज्या नळीवर ती खूण नाही तिच्यात आजचे काडतूस घालणे म्हणजे स्वतःचा डावा हात पणाला लावणे आहे. भिंतीवर टांगण्यासाठी एवढी खटपट कोणी करू नये.

चेंबर मोजणे कंटाळवाणे वाटते, तरीही मोजावे. जुन्या बंदुकांचे चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते आणि बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसेही मिळतात. काडतुसाचे हे माप ते उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याचे असते. त्यामुळे न उडालेले लांब काडतूसही आखूड चेंबरमध्ये आरामात बसते आणि सर्व ठीक आहे असे वाटते. उडताना मात्र त्याचे तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे घेतानाही पेटीवरचे माप वाचूनच घ्यावीत.

नळ्यांमधून उजेडाकडे पाहिल्यावर आत काळे ठिपके दिसले तर ती गंजाची खोड आहे. समुद्रकाठच्या बंदुकांना ती असतेच, पण चेंबरच्या पुढच्या काही इंचांत ती खोल असेल तर बंदूक परत द्यावी. उलट, शंभर वर्षांची नळी आतून आरशासारखी लखलखत असेल तर ती घासून काढली असण्याची शक्यता धरावी, कारण घासल्याने पत्रा पातळ होतो. नळ्या बुडाच्या आकड्यात बोट घालून लोंबत्या धराव्यात आणि नखाने किंवा लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकावे. आवाज स्वच्छ आणि लांबणारा आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. बद्द आला तर कुठेतरी डाख सुटला आहे. मग पुढचे लाकूड काढून बंदूक बंद करावी, दस्ता धरून हलवावी आणि सांध्यात खडखड लागते का ते पाहावे. सांधा ढिला असलेली बंदूक स्वस्त मिळते ती त्याचसाठी, आणि तो चांगला बसवणारे कारागीर आता कमी उरले आहेत. दोन्ही चाप डमी काडतुसांवर ओढून पाहावेत, सेफ्टी तपासावी, दस्त्याच्या मनगटाजवळ बारीक चीर आहे का ते भिंगाखाली पाहावे. चीर असेल तर भाव पाडता येतो, एवढाच तिचा उपयोग.

पैशांविषयी फार लिहीत नाही. रक्कम बँकेमार्फत द्यावी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे आणि शस्त्राच्या व्यवहारात बँकेचा पुरावा हाताशी असलेला बरा. मूळ परवाना सोबत हवा, झेरॉक्स चालत नाही. ओळखपत्रे आणि फोटो, हे सांगायला नकोच.

निवडणुकीचा काळ टाळावा. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा येऊ लागतात, जिल्हाधिकारी कार्यालयातील माणसे निवडणुकीच्या कामाला जातात आणि मुदतवाढीच्या फायली तशाच पडून राहतात. आपल्या भागात कोणती निवडणूक केव्हा आहे ते पाहून खरेदीची मुदत त्याआधी वाढवून ठेवावी. हे मी किती वेळा लिहिले ते मोजत बसू नका, परवाना काढून तारीख पाहा.

खरेदी झाल्यावर बिल आणि दुकानाच्या शिक्क्यासह परवान्यावरील नोंद घ्यावी, क्रमांक तिथेच पुन्हा जुळवावा, बंदूक सोडवून रिकामी, कव्हरमध्ये न्यावी, वाटेत कोणाकडे चहाला थांबू नये, आणि ठरलेल्या अवधीत ती परवाना देणाऱ्या कार्यालयात दाखवून पोलीस ठाण्यातील नोंद करावी. काडतुसांची मर्यादा परवान्यातच लिहिलेली असते.